कौटुंबिक कागदपत्रांतील डिंक, खळ आणि चिकटपट्टी: पार्श्वभूमी

वंशावळी, जन्म-विवाहाचे दाखले, पत्रे आणि छायाचित्रांचे अल्बम चाळताना एक विसंगती वारंवार आढळते. शंभर वर्षांपूर्वी खळीने डकवलेला कागद अनेकदा शाबूत असतो, तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी पारदर्शक चिकटपट्टीने सांधलेल्या कागदावर तपकिरी पट्टे उमटलेले असतात.

विसाव्या शतकापूर्वी कागद चिकटवण्यासाठी मुख्यतः पिठाची खळ, जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला सरस आणि बाभूळवर्गीय झाडांचा डिंक वापरत. या पदार्थांत दोष होतेच: कोरड्या हवेत सरस ठिसूळ होऊन तडकतो, आणि खळीला कसर व बुरशी लागते. तरीही ते पाण्याने पुन्हा मऊ होतात, म्हणून जोड कागद न फाडता सोडवता येतो. माझ्या मते जुन्या कागदांच्या बाबतीत पकडीच्या जोरापेक्षा हाच गुण मोलाचा आहे.

अमेरिकेतील थ्रीएम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये रंगकामासाठी मास्किंग टेप आणि 1930 मध्ये सेलोफेनची पारदर्शक पट्टी आणली, आणि फाटलेला कागद जोडणे क्षणाचे काम झाले. मात्र त्या पट्टीवरचा थर रबर व राळेचा होता. हवेतील ऑक्सिजनमुळे तो आधी तेलकट होऊन कागदाच्या तंतूंत मुरतो, नंतर पिवळा, कडक आणि अविद्राव्य बनतो. अखेरीस वरचे सेलोफेन आपोआप गळून पडते, पण डाग राहतो, आणि त्या अवस्थेत द्रावकांनीही तो क्वचितच पूर्ण निघतो. 1961 मध्ये आलेल्या ॲक्रिलिक थराच्या पट्ट्या पिवळ्या पडत नाहीत, पण त्यांचा गोंदही काळानुसार कागदात शिरतो.

स्वतः चिकटणाऱ्या पानांच्या अल्बमांनी, विशेषतः 1970 च्या दशकातल्या, असेच नुकसान केले: काही छायाचित्रे सुटून पडली, तर काही पानाशी इतकी घट्ट बसली की ओढताच फाटतात. म्हणून चित्रे सोडवण्यापूर्वी प्रत्येक पानाचे जसेच्या तसे छायाचित्र घेणे आवश्यक आहे. चित्रांचा क्रम, बाजूची हस्ताक्षरातील नोंद आणि गळून पडलेल्या चित्राच्या जागी उरलेला गोंदाचा ठसा यांवरून कोणते चित्र कुठे होते हे अनेकदा कळते, आणि नातेसंबंध जुळवताना तोच पुरावा उपयोगी पडतो. संवर्धक आजही दुरुस्तीसाठी गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ आणि लांब तंतूंचा पातळ जपानी कागद वापरतात.