सोड्यातला गॅस आणि साठ कार्बनचा पिंजरा

तलावपाळीवर रात्री सोडा प्यायला गेलो की बाटली उघडताना फस्स करून जो निघतो ना, तो कार्बन डायऑक्साइड. सोड्यात बरा वाटतो, पण यापासून इंधन बनवायचं म्हटलं की जाम हलत नाही. मधे कार्बन, दोन बाजूंना ऑक्सिजन, अगदी सरळ रेषेत, 180 अंश, डबल बॉन्डने घट्ट धरलेले. याला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन मिळाला तर मात्र तो मधेच वाकतो, कोन 135 अंशांच्या आसपास येतो आणि बॉन्ड सैल पडतात, यालाच अॅक्टिव्हेट होणं म्हणतात.

आता पिंजरा. कल्पना अशी की हा गॅस कार्बनच्या पिंजऱ्यात कोंडला तर तो तिथे वाकतो का, ते बघायचं. 1985 मधे क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना सापडलेला सी-60, म्हणजे साठ कार्बन अणूंचा पोकळ गोळा, 12 पंचकोन, 20 षटकोन, जुना फुटबॉलच (1996 चं नोबेल यावरच). पण आतली मोकळी जागा जेमतेम 0.37 नॅनोमीटर आणि आपला पाहुणा गॅस, स्वतःभोवतीचे इलेक्ट्रॉन धरून, लांबीला अर्ध्या नॅनोमीटरच्या वर, म्हणजे सकाळची ठाणे फास्ट लोकलच. म्हणून मोठे पिंजरे पण तपासतात.

हे तपासायला कॉम्प्युटर बरा असतो, गॅस आत कोंबावा लागत नाही, अणूंच्या जागा टाईप केल्या की झालं. घणसोलीला भाच्याने हे गणित घरच्या लॅपटॉपवर चालवलं तेव्हा पंखा असा ओरडायला लागला की ताईला वाटलं मिक्सर चालू राहिला. सी-60 चे 360 आणि गॅसचे 22 असे 382 इलेक्ट्रॉन, एकेकाचा पिच्छा पुरवत बसलं तर जन्म जाईल, म्हणून डेन्सिटी फंक्शनल पद्धतीत इलेक्ट्रॉनची कुठे किती दाटी आहे तेवढंच बघतात (यासाठी वॉल्टर कोन यांना नोबेल, 1998). अंदाजाचं सूत्र बदललं की आकडे पण थोडे बदलतात, म्हणून मी एकाच आकड्यावर भरवसा ठेवत नाही.

खरी मजा पुढे आहे. सी-60 स्वतःच इलेक्ट्रॉनचा हावरट. घरचा पिंजराच असा म्हटल्यावर पाहुण्या गॅसच्या ताटात काय पडणार? मोठ्या पिंजऱ्यात लँथनमसारखा धातू ठेवला तर तो इलेक्ट्रॉन देतो खरा, पण ते पिंजराच गिळतो, 82 कार्बनच्या सी-82 मधे तर चक्क तीन. मग गॅसपर्यंत त्यातलं काही पोचतं का, तो वाकतो का, हेच या गणितातून काढायचं असतं.

आणि समजा गॅस तुटलाच, तर बनलेला कार्बन मोनॉक्साइड पण आतच, कारण त्या षटकोनी खिडकीतून तो मावत नाही. बाहेर कसा काढणार विचारलं तर भाचा म्हणतो, "मामा, आधी आत तरी जाऊ दे."