मेझुझा

मेझुझा : ज्यू घराच्या दारावर, आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या बाहीवर (चौकटीच्या उभ्या बाजूवर) लावलेली हस्तलिखित चर्मपत्राची गुंडाळी. हिब्रूत ‘मेझुझा’ म्हणजे दाराची बाही. बाहीवर लिहायच्या वचनांना पुढे बाहीचेच नाव पडले. बाहेरून दिसणारी लाकडाची, धातूची किंवा काचेची डबी हे केवळ आवरण असून खरी मेझुझा म्हणजे तिच्यातला लेख. देवाची आज्ञा पाळण्यातच माणसाला आसरा मिळतो, ही ज्यू धर्मातील धारणा रोजच्या येण्याजाण्यात जिवंत ठेवणारी ही प्रथा आहे.

लेखात तोरा या ज्यूंच्या पाच ग्रंथांच्या मूळ धर्मशास्त्रातील ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथातील दोन उतारे असतात (6:4–9 व 11:13–21). पहिला ‘शमा इस्राएल’ या शब्दांनी सुरू होतो : हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे. ही वचने दाराच्या बाह्यांवर व वेशींवर लिहावीत, ही आज्ञा दोन्ही उताऱ्यांच्या शेवटाकडे येते. दुसरा उतारा विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. आज्ञा मनापासून पाळल्या तर पाऊस वेळेवर पडेल, धान्य, द्राक्षारस आणि तेल घरात येईल. मन दुसऱ्या देवांकडे वळले तर आकाश बंद होईल, असे त्यात बजावले आहे. संरक्षणाचे वचन आणि त्याची अट अशी एकाच चर्मपत्रावर, एकाच शाईने लिहिलेली असते.

हे लेखन ‘सोफेर’ म्हणजे धार्मिक लेखनिक करतो. धर्मशास्त्राने खाण्यास शुद्ध मानलेल्या प्राण्याच्या कातड्यावर, पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीने, काळ्या शाईत, रूढीप्रमाणे 22 ओळींत तो 713 अक्षरे लिहितो. अक्षरे क्रमानेच लिहावी लागतात. मागे एखादे राहून गेले असे पुढे लक्षात आले, तर ते मागाहून भरता येत नाही. एक अक्षर दुसऱ्याला चिकटले तरी लेख बाद ठरू शकतो, आणि छापलेली प्रत तर मुळातच चालत नाही. चर्मपत्राच्या पाठीवर ‘शद्दाय’ (सर्वसमर्थ) हे देवाचे नाव असते. या नावाची तीन अक्षरे ‘इस्राएलच्या दारांचा राखणदार’ या हिब्रू शब्दांची आद्याक्षरे आहेत, असा अर्थ परंपरेने लावला आहे. मेझुझा बाहीच्या वरच्या तृतीयांशाच्या तळाशी लावतात. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेचे) ज्यू ती किंचित तिरपी, तर सेफार्दी (स्पेन-पोर्तुगालच्या परंपरेचे) उभी लावतात. शाई उडाली किंवा अक्षर तडकले तर लेख निकामी होतो, म्हणून घरातील मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासण्याचा नियम आहे.

हे रक्षण नेमके कशात आहे, यावर ज्यू परंपरेत दीर्घकाळ विचार झाला आहे. बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथातील एका कथेनुसार रोमन राजघराण्याशी नाते असलेल्या ओंकेलोसने ज्यू धर्म स्वीकारला, तेव्हा त्याला पकडण्यास सम्राटाने सैनिक धाडले. बाहेर पडताना त्याने मेझुझावर हात ठेवला आणि सांगितले की, जगाच्या रीतीप्रमाणे राजा आत बसतो व सेवक बाहेर पहारा करतात. आमच्याकडे सेवक आत असतात आणि राजा बाहेर उभा राहून त्यांना राखतो. हे ऐकून सैनिकांनीही तोच धर्म स्वीकारला, असे कथा सांगते.

अशा कथांतून मेझुझाकडे ताईत म्हणून पाहण्याची वृत्तीही वाढली. मध्ययुगात काही ठिकाणी लेखात देवदूतांची नावे व चिन्हे घालू लागले. मायमोनिडीझ (मृत्यू 1204) या धर्मशास्त्रज्ञाने यावर अत्यंत कठोर शब्दांत टीका केली : देवाचे एकत्व, त्याचे प्रेम आणि त्याची सेवा सांगणारी थोर आज्ञा हे लोक आपल्या फायद्याचा गंडा करून टाकतात. रक्षण मात्र त्याने नाकारले नाही. त्याच्या मते आत-बाहेर करणाऱ्याला मेझुझा दिसते, देवाचे नाव आठवते, क्षणभंगुर गोष्टींत गुंतलेले मन जागे होते आणि पाऊल सरळ वाटेवर येते. डोक्यावर व दंडावर तेफिलीन (धर्मवचने असलेल्या चामड्याच्या डब्या), वस्त्राला गोंडे आणि दारावर मेझुझा असलेल्याला पापापासून आवरणाऱ्या इतक्या आठवणी असतात की त्याच त्याचे रक्षक देवदूत होत, असे सांगून मायमोनिडीझ ‘देवाचा दूत देवभीरूंभोवती छावणी देतो’ या स्तोत्रवचनाचा आधार देतो. मेझुझाच्या अर्थाचा इतका नेमका उलगडा दुसरा क्वचितच सापडेल. लिखित अट आणि मागितलेला आसरा यांचा सांधा त्यातच जुळतो.

घरातून निघताना किंवा आत येताना बोटांनी मेझुझाला स्पर्श करून ती बोटे ओठांना लावण्याची चाल अनेक ज्यू समाजांत आहे.

महाराष्ट्रात ही प्रथा बेने इस्राएल या ज्यू समाजात आढळते. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी या समाजाची परंपरा आहे. घाण्यावर तेल गाळण्याच्या धंद्यात असूनही शब्बाथ (ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) पाळून ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. धर्मग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली गेली, तरी ‘शमा’चे वचन या समाजाच्या तोंडी राहिले, असे परंपरा सांगते, मेझुझाच्या चर्मपत्रावरची पहिली ओळ तीच आहे.