वाल्डॉर्फ शाळेतील हिवाळी सत्र

ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रूडॉल्फ स्टायनर (१८६१–१९२५) यांच्या शिक्षणविचारानुसार चालणाऱ्या शाळांमधील, साधारणपणे देवदूत मिखाएलच्या सणापासून (२९ सप्टेंबर) बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंतचा (६ जानेवारी) काळ. हे प्रशासकीय अर्थाने सगळीकडे ‘सत्र’ असतेच असे नाही. जर्मनीत शालेय वर्षाचे दोन भाग पडतात, तर इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर हे शरद सत्र धरतात. परंतु दिवस आखडत जाण्याच्या या महिन्यांत कंदिलांची फेरी, आगमनकाळाची (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या पर्वाची) बाग, नाताळ बाजार आणि शिक्षकांनी मुलांसाठी केलेली नाटके असे उपक्रम ओळीने येतात. म्हणून शाळेच्या सामूहिक जीवनाच्या दृष्टीने त्यांचा एकत्र विचार करणे सोयीचे ठरते. प्रस्तुत नोंदीचा भर जर्मन भाषक प्रदेशावर आहे.

पहिली वाल्डॉर्फ शाळा ७ सप्टेंबर १९१९ रोजी श्टुटगार्ट येथील उलांड्सह्योए या टेकडीवर सुरू झाली. वाल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे चालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी ती काढली आणि आखणी स्टायनर यांच्याकडे सोपवली. आरंभी २५६ मुले होती. नाझी राजवटीत १९३८ मध्ये शाळा बंद पडली व १९४५ मध्ये पुन्हा उघडली. अभ्यासक्रम, तासांची रचना आणि युरिदमी या हालचालींच्या कलेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यातले हिवाळ्याशी संबंध असलेले तेवढेच घेतले आहे.

डिसेंबरात श्टुटगार्टला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे मुले शाळेत येतात ती अंधारातच. पहिली तासिका सुमारे दोन तासांची असते आणि एकच विषय तीन-चार आठवडे सलग चालतो. लहान वर्गांत दिवा न लावता वर्गशिक्षक मेणबत्ती पेटवतात, सकाळचे पद्य म्हटले जाते, मग काम सुरू होते. वर्गाच्या कोपऱ्यात ‘ऋतूचे टेबल’ मांडलेले असते. त्यावर शेवाळ, दगड, सुकी फांदी अशा वस्तू ठेवतात आणि त्या आठवड्यागणिक बदलतात. पहिलीपासून मुले-मुली दोघेही विणकाम शिकतात.

११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाला बालवाडी व खालचे वर्ग कंदील घेऊन संध्याकाळी फेरी काढतात. ही प्रथा या शाळांची स्वतःची नव्हे. ऱ्हाइनच्या खोऱ्यात तिला आजचे संघटित मिरवणुकीचे रूप बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. शाळांनी तिच्यात घातलेली भर कारागिरीची आहे. मुलांनी ओल्या कागदावर जलरंगांनी केलेली चित्रे वाळवून त्यांना तेल चोळतात. कागद पारदर्शक होतो आणि आतल्या ज्योतीने रंग उजळतात. दुसरीच्या अभ्यासात संतांच्या कथा असतात. अर्धा झगा भिकाऱ्याला देणारा मार्टिन, ६ डिसेंबरचा निकोलाउस आणि १३ डिसेंबरची लुसिया ही मंडळी त्यामुळे सणाबरोबर धड्यातही भेटतात.

आगमनकाळाच्या पर्वात सदाहरित फांद्यांचे चार मेणबत्त्यांचे कडे प्रत्येक वर्गात टांगलेले किंवा मांडलेले असते. याचे मूळ तुलनेने निश्चित आहे. हॅम्बुर्गजवळील राउहेस हाउस या अनाथ मुलांच्या संस्थेत योहान हिन्रिख विखर्न या पाद्र्यांनी १८३९ मध्ये एका चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान मेणबत्त्या लावल्या. पुढे वीस गळल्या आणि चार राहिल्या. वाल्डॉर्फ शाळांत या चार रविवारांना अनुक्रमे खनिज, वनस्पती, प्राणी व मानव या सृष्टी जोडतात. हा अर्थ मात्र स्टायनर यांच्या मानवप्रज्ञावादी (अँथ्रोपोसॉफिकल) विचाराच्या वर्तुळातला आहे, विखर्न यांचा नव्हे.

आगमनकाळाची बाग : अंधाऱ्या दालनात जमिनीवर देवदाराच्या किंवा फरच्या फांद्यांची एक मोठी सर्पिल वाट आखतात. मधोमध एक पेटती मेणबत्ती असते. प्रत्येक मूल सफरचंदात खोचलेली न पेटवलेली मेणबत्ती घेऊन एकटे आत जाते, मधल्या ज्योतीवर ती पेटवते आणि परतताना वाटेच्या कडेला ठेवून देते. शेवटचे मूल बाहेर येते तेव्हा सगळी वाट उजळलेली असते. कोणी धावत जाऊन येते, कोणी मध्यावर थांबून राहते. शिक्षक कोणाला हाक मारत नाहीत. लांब केस आधी बांधून घेतात आणि पाण्याची बादली हाताशी ठेवतात. अलीकडे काही ठिकाणी उघड्या ज्योतीऐवजी बंद कंदील वापरतात.

या विधीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. बव्हेरियातील खेड्यांत अशी प्रथा होती व तेथून ती आली, असे परंपरेने सांगितले जाते. पण या समजुतीला आधार देणारे जुने वर्णन क्वचितच पुढे केले जाते. दुसरा धागा विशेष मुलांच्या शिक्षणाकडे नेतो. व्हिएन्नाचे डॉक्टर कार्ल क्योनिग (१९०२–६६) यांनी आपल्या आठवणींत स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथे पाहिलेला प्रसंग नोंदवला आहे. डॉक्टर इटा वेगमन यांच्या चिकित्सालयाशी संलग्न अशा झोनेनहोफ या मुलांच्या निवासात १९२७ च्या आगमनकाळात अपंग मुले एकामागून एक ज्योत पेटवण्यासाठी जाताना त्यांनी पाहिली आणि आयुष्य अशा मुलांसाठी द्यायचे ठरवले. पुढे १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ त्यांनी कॅम्पहिल समुदाय उभा केला. ही आठवण दिनांकित व स्थलनिश्चित असल्याने तिला अधिक वजन द्यावे लागते. बाग प्रथम विशेष मुलांच्या निवासांत रुळली आणि तेथून बालवाड्यांत व शाळांत गेली, असा क्रम त्यामुळे संभवनीय वाटतो. पुष्कळ माहितीपत्रकांत ती ‘प्राचीन’ म्हणून येते. सर्पिलाकृती प्राचीन आहे यात शंका नाही, पण आकृतीचे वय विधीला लावता येत नाही.

ओबेरुफर नाटके : हिवाळ्यातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्रघात म्हणजे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना भेट म्हणून सादर केलेली नाताळची नाटके. गणिताचे गुरुजी सैतान होतात, कार्यालयातल्या बाई ईव्ह होतात, माळी मेंढपाळ होतो. तालमी आठवड्याच्या शिक्षकसभेनंतर किंवा संध्याकाळी चालतात. मुलांना तिकीट नसते.

नाटके तीन आहेत : स्वर्गोद्यानाचे (आदाम व ईव्ह यांचे), ख्रिस्तजन्माचे (मेंढपाळांचे) आणि तीन राजांचे. डॅन्यूबच्या बेटावरील, तेव्हा हंगेरीत असलेल्या, प्रेसबर्गजवळच्या ओबेरुफर या गावात जर्मन भाषक शेतकरी ती करीत. प्रेसबर्ग म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा. ओबेरुफर आज प्रिएव्होझ या नावाने त्याच शहरात सामावले आहे. भाषाशास्त्रज्ञ कार्ल युलिउस श्रोएर (१८२५–१९००) यांनी १८५० च्या दशकात प्रेसबर्गला शिकवीत असताना ही नाटके पाहिली, शेतकऱ्यांकडील हस्तलिखिते व तोंडी पाठ जुळवले आणि १८५७–५८ च्या सुमारास व्हिएन्नाला संहिता छापली. हेच श्रोएर पुढे व्हिएन्नाच्या तंत्रशास्त्र विद्यालयात जर्मन साहित्य शिकवू लागले. १८७९ मध्ये तेथे दाखल झालेल्या स्टायनरना या नाटकांची माहिती त्यांच्याकडून मिळाली.

श्रोएर यांनी केलेले प्रयोगाचे वर्णन संहितेइतकेच मोलाचे आहे. नाटकाची वही एका शेतकऱ्याकडे असे, तोच तालीममास्तर. सुगी आटोपली की तो गावातील होतकरू तरुण निवडी. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. निवड झालेल्यांनी त्या काळात बाहेरख्यालीपणा करायचा नाही, चावट गाणी म्हणायची नाहीत, मास्तरांचा शब्द मोडायचा नाही असा दंडक होता. प्रयोगाच्या दिवशी सैतानाचे सोंग घेतलेला गडी गायीचे शिंग फुंकत गावभर हिंडून लोकांना बोलावी. प्रयोग खानावळीच्या दालनात होई. शिंगाचा हा भाग शाळांनी आजही सोडलेला नाही. पहिलीच्या मुलांचा जीव जरा वरखाली होतो.

नाटके ओबेरुफरला कोठून आली हा वादाचा मुद्दा आहे. श्रोएर यांच्या मते सोळाव्या शतकाच्या सुमारास दक्षिण जर्मनीतून, बोडन सरोवराच्या परिसरातून, आलेल्या वसाहतकऱ्यांनी ती सोबत आणली. स्टायनर यांनी हेच मत स्वीकारले आणि नाटकांकडे मध्ययुगीन लोकश्रद्धेचा जवळजवळ अस्पर्श राहिलेला अवशेष म्हणून पाहिले. शाळांच्या प्रयोगपत्रिकांत आजही हेच छापलेले आढळते. संहितांची तुलना करणाऱ्यांनी मात्र न्युर्नबर्गचा चर्मकार-कवी हान्स झाक्स (१४९४–१५७६) याच्या नाटकांशी असलेली जवळीक दाखवून दिली आहे. विशेषतः स्वर्गोद्यानाच्या नाटकातील साम्य योगायोगाचे म्हणता येत नाही. झाक्सची नाटके छापील होती. तेव्हा छापील पुस्तकातून शेतकऱ्यांच्या वहीत, वहीतून तोंडी, आणि तोंडातून पुन्हा वहीत असा प्रवास धरणे अधिक सयुक्तिक दिसते. बोडन सरोवराचे मत त्यामुळे पूर्णतः बाद होते असे नाही, पण ते भाषिक अनुमानावर उभे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून बहुतेक जर्मन भाषकांची हकालपट्टी झाली आणि मूळ गावातली परंपरा उरली नाही.

मानवप्रज्ञावादी मंडळींत या नाटकांचे प्रयोग पहिल्या महायुद्धाआधी बर्लिनमध्ये सुरू झाले व १९१५ पासून स्वित्झर्लंडमधील डॉर्नाख येथे स्टायनर यांच्या देखरेखीखाली होऊ लागले. संगीत लिओपोल्ड फान डेर पाल्स यांचे. श्टुटगार्टच्या शाळेत शिक्षकांनी ती १९२० च्या दशकाच्या आरंभी हाती घेतली. इंग्रजीत सेसिल हारवुड यांचे भाषांतर प्रचलित झाले. बोली उच्चार, मेंढपाळांचे राकट विनोद आणि गाणाऱ्या कंपूची रंगमंचाभोवतीची फेरी ही त्रयी बहुतेक ठिकाणी टिकून आहे.

मेंढपाळांचा प्रवेश मुलांना तोंडपाठ असतो. गाल्लुस, श्टिख्ल आणि विटोक थंडीने कुडकुडत येतात, बर्फाच्या आरशासारख्या जमिनीवर घसरून आपटतात. श्टिख्लला उठवताना सोबती म्हणतो, उठ, आभाळ कडकडतेय. तो पडल्या पडल्या सांगतो, कडकडू दे, पुरेसे म्हातारे झालेय ते. बारा वर्षे दरसाल हेच पाहिलेले विद्यार्थी हे वाक्य नटाच्या आधी पुटपुटतात. स्वर्गोद्यानाचे नाटक बहुधा आगमनकाळातच होते. जुन्या दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम व ईव्ह यांचा दिवस होता आणि त्यासाठी उभारलेल्या सफरचंदांच्या झाडाचा नाताळच्या झाडाशी संबंध जोडला जातो. तिसरीत जुन्या कराराच्या कथा शिकणाऱ्या वर्गाला ते विशेष लागू पडते. तीन राजांचे नाटक सुटीनंतर, जानेवारीत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात ६ जानेवारीला सार्वजनिक सुटी असल्याने ते त्यापुढच्या दिवसांत ढकलले जाते. (हाच सण गोव्यात रेइश मागुशला घोड्यांवरच्या तीन राजांनिशी साजरा होतो, पण त्याचा या नाटकपरंपरेशी संबंध नाही.)

तिसऱ्या नाटकाबद्दल आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. यहुदियाचा राजा हेरोद याच्या दरबारातील यहुदी शास्त्री त्यात हास्यास्पद हावभाव करणारे, ठरावीक साच्याचे दाखवले जात. या चित्रणातील यहुदीद्वेषाकडे लक्ष वेधले गेल्यावर काही शाळांनी तो प्रवेश बदलला किंवा गाळला, काहींनी नाटकच थांबवले. जुनी लोककला म्हणून ते जसेच्या तसे ठेवावे, असे म्हणणारेही आहेत. संहिता स्टायनर यांच्या हाताखालून गेलेली असल्याने तिच्यात ढवळाढवळ करू नये, ही भूमिका मात्र टिकण्यासारखी नाही. स्टायनर यांनी स्वतः श्रोएर यांच्या पाठात भर घातली होती.

नाताळ बाजार हा सत्रातील सर्वांत मोठा पालक-उपक्रम. सहसा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारालगतच्या शनिवारी तो भरतो. त्याआधी कित्येक आठवडे पालकांचे गट लोकरीच्या बाहुल्या, लाकडी खेळणी, तारे करीत बसतात. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या करण्याची जागा मुलांच्या गर्दीने ओळखू येते : वात वितळलेल्या मेणात बुडवायची, वर काढून गार होऊ द्यायची, रांगेत फिरून पुन्हा बुडवायची. घाई केली तर आधीचा थर वितळून निघतो. मिळकत शाळेच्या निधीत जाते. पालकांकडून घरकामासारखे अपेक्षिले जाणारे हे श्रम दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांना जड जातात, अशी तक्रार ऐकू येते.

धर्माचा प्रश्नही याच सत्रात ठळक होतो. शाळा कोणत्याही पंथाच्या नाहीत असे सांगतात आणि श्टुटगार्टला आरंभापासून धर्मशिक्षण पंथनिहाय वेगळे ठेवले गेले. परंतु सणांचे चक्र ख्रिस्ती आहे. दक्षिण गोलार्धात ऋतू व सण यांची फारकतच होते. १९५७ मध्ये सुरू झालेल्या सिडनीच्या ग्लेनियनसारख्या शाळा असलेल्या ऑस्ट्रेलियात प्रकाशाचा हिवाळी सण जूनमध्ये, अयनदिनाच्या आसपास करतात आणि नाताळ भर उन्हाळ्यात येतो.

भारतात हैदराबादची श्लोका (१९९७) व मुंबईची त्रिधा (२०००) या शाळांपासून ही पद्धत स्थिरावली. पाचवीच्या जागतिक अभ्यासक्रमात प्राचीन भारत, इराण, इजिप्त व ग्रीस येतात. म्हणजे श्टुटगार्टचे मूल रामायण-महाभारताच्या कथा याच इयत्तेत ऐकते, बऱ्याचदा याच हिवाळी महिन्यांत.