स्ट्रेस (strace) सुटला म्हणून प्रोसेस मरत नाही

जळगाव-धुळ्याकडे सर्व्हर सांभाळणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय: लिनक्सवर चालू प्रोसेसला (म्हणजे चालू प्रोग्रामला) स्ट्रेस, म्हणजे तिचे सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेल्या मागण्या) दाखवणारं टूल, लावला की कंट्रोल-सी दाबायचं नाही, नाहीतर प्रोसेसच मरते. तसं होत नाही. दुसरीकडे चालू असलेल्या प्रोसेसला तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) देऊन स्ट्रेस जोडलात, तर कंट्रोल-सी फक्त स्ट्रेसला मिळतो. तो सुटतो, प्रोसेस चालत राहते. गैरसमजाचं मूळ वेगळं आहे. प्रोग्रामच स्ट्रेसमधून सुरू केला असेल, तर दोघं एकाच टर्मिनलवर, एकाच गटात असतात आणि कंट्रोल-सीचा सिग्नल (थांबायचा इशारा) दोघांनाही जातो. खरी काळजी वेगाची करा! स्ट्रेस जोडलेला असताना प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या बिलिंगला तासभर जोडून ठेवू नका. बहुतेकदा काही सेकंद पुरतात.