गाडी उचलल्यावर स्टिअरिंग भटकतं, तेव्हा टो नाही, कॅस्टर बघा

पावसाळ्यात वरूड-मोर्शीकडच्या पांदणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना गाडी का उचलायची, म्हणजे उंच स्प्रिंग वगैरे लावून कायमची वर का घ्यायची, हे विचारावं लागत नाही. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या एवढ्या खोल जातात की मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला लागतो. संत्र्याच्या बागेपर्यंत पोचायचं तर दोन इंच उंची कामाची असते. मीही माझी गाडी उचलली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर दरवेळी ऐकू येणाऱ्या एकाच सल्ल्याची. "डांबरीवर आली का गाडी भटकते भाऊ, स्टिअरिंग सारखं पकडून ठेवा लागते." त्यावर चार जणांचं एकच उत्तर: "अलाइनमेंट करून घे."

माणूस तालुक्याला जातो, अलाइनमेंट करतो, पैसे देतो, आणि परतीच्या रस्त्यावर गाडी तशीच भटकते. मग दुसरं दुकान. माझ्या एका मित्राने एका हंगामात तीन वेळा अलाइनमेंट केली. भटकणं तसंच राहिलं, आणि पुढचे दोन टायर मात्र संपले. टायर संपले ते गाडी उचलल्यामुळे नाही, त्या अलाइनमेंटमुळेच. कसे, ते पुढे सांगतो.

आपल्याकडे अलाइनमेंट म्हणजे टो, आणि टो बहुतेकांना माहीत असतो. गाडीकडे वरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही चाकांची नाकं किंचित आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर वळलेली असतील तर टो-आउट. टाय रॉड, म्हणजे चाकांना वळवणारा आडवा दांडा, फिरवून तो कमी-जास्त होतो. मिस्त्री दोरीनेही मापतो आणि नीट मापला तर ते माप चांगलं येतं. बॅलन्सिंग हे तिसरंच प्रकरण: ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरलं आणि वेग बदलताच थांबलं तर चाकाला वजन लावा. यावर एवढंच पुरे.

आता कॅस्टर. गाडीकडे बाजूने पाहा, ड्रायव्हरच्या दाराशी बसून. पुढचं चाक डावी-उजवीकडे ज्या आसाभोवती वळतं तो आस, म्हणजे वरच्या आणि खालच्या किंग पिनमधून जाणारी रेघ, सरळ उभा नसतो. त्याचं वरचं टोक मागे, ड्रायव्हरकडे झुकलेलं असतं. हा झुकाव म्हणजे कॅस्टर. ती रेघ खाली वाढवत नेली तर टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. त्यामुळे टायर त्या रेघेच्या मागे ओढला जातो. गॅस सिलिंडरच्या ट्रॉलीचं छोटं चाक आठवा. ट्रॉली कुठेही ढकला, चाक गर्रकन फिरून मागे येतं आणि तिथेच राहतं. ओढलेलं चाक आपोआप सरळ चालतं. सायकलचा चिमटाही झुकलेला असतो, म्हणून शाळेत जाताना हात सोडून सायकल चालवता येत होती. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून सरकत आपोआप सरळ होतं, ते याच झुकावामुळे.

हा आकडा मुळात लहान असतो. जुन्या विलीज जीपला कारखान्यातून 3 अंश कॅस्टर दिलेला असे. एवढ्याशा झुकावावर गाडीचा सरळपणा उभा असतो.

गाडी उचलल्यावर त्याचं काय होतं ते बघू. मारुतीच्या जिम्नीसारख्या गाडीला पुढे सलग हाउसिंग आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या नळीच्या टोकांना आहेत, आणि ते दोन लांब आर्म्सनी चासीला बांधलेलं आहे. स्प्रिंग उंच बसवली की चासी वर जाते आणि आर्मचं मागचं टोक तिच्यासोबत वर जातं. आर्म हाउसिंगला घट्ट धरून असतो, म्हणून त्याच्यासोबत हाउसिंगही पुढच्या बाजूला गोल फिरतं. किंग पिनचा मागचा झुकाव तेवढा कमी होतो. हिशोब सोपा आहे: आर्म 750 मिमी लांब धरला आणि गाडी 50 मिमी उचलली, तर हाउसिंग जवळपास पावणेचार अंश फिरतं. मूळ कॅस्टरच दोन-चार अंशांचा असेल तर हातात काय उरलं? ट्रॉलीच्या चाकाला आता मागे राहायचं कारणच नाही. रस्त्याचा प्रत्येक उतार, प्रत्येक खड्डा, बाजूने गेलेला प्रत्येक ट्रक त्याला हलवतो आणि तुम्ही हाताने सावरत बसता.

याच वेळी टोला काय झालं? काही नाही. टाय रॉड या चाकापासून त्या चाकापर्यंत एकसंध असेल तर त्याला गाडी उचलल्याचं कळतही नाही. दोन्ही टोकं हाउसिंगसोबतच आहेत, त्यांच्यातलं अंतर बदललेलं नाही. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करायला आपण दुकानात जातो.

आणि दुकानात खरं नुकसान होतं. मशीनच्या कागदावर कॅस्टर लाल दिसतो. दुकानदार म्हणतो, "थे अ‍ॅडजस्ट होत नाही भाऊ, टो करून देतो." त्याचं पहिलं वाक्य खरं आहे. सलग हाउसिंगला कॅस्टर फिरवायचा बोल्टच नसतो. पण गिऱ्हाईक पुन्हा तक्रार घेऊन आलं की टो-इन थोडा जास्त दिला जातो, कारण चाकं एकमेकांविरुद्ध ढकलू लागली की गाडी जरा बांधल्यासारखी वाटते. दोन-चार दिवस बरं वाटतं. त्याची किंमत टायर देतो. 700 मिमी व्यासाच्या टायरला दोन्ही चाकांचा मिळून 7 मिमी टो-इन दिला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे 5 मीटर आडवं घासायला बघतं. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर. तेवढ्यात पाऊण किलोमीटर रबर आडवं. मित्राचे टायर असे गेले.

म्हणून दोघांची खूण वेगळी लक्षात ठेवा. टो चुकला की टायर खातो आणि तरीही गाडी सरळ धावू शकते. कॅस्टर गेला की टायर वर्षभर नवे राहू शकतात आणि गाडी तरीही सरळ धावत नाही. रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाला वळण घ्या आणि स्टिअरिंग हलकेच सोडा, हात जवळच ठेवून. परत येत नसेल किंवा अर्ध्यात थांबत असेल तर कॅस्टर संशयित. टोसाठी टायरच्या नक्षीच्या गोट्यांवर तळहात फिरवा: बाहेरून आत नेताना मऊ आणि आतून बाहेर आणताना बोचरं लागलं, दोन्ही टायरला तसंच, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट. पांदणीत यातलं काहीच कळणार नाही, तिथे चाकोरीच गाडी चालवते. समृद्धी महामार्गावर धामणगावजवळ चढा, नव्वद गाठा, दोन मिनिटांत कळेल.

स्टिअरिंगचं चाक वाकडं राहतं ती तक्रार या दोन्हींची नाही. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्रॅग लिंकचा, कोन बदलला, तिची लांबी फिरवून घ्या, झालं.

थारवाल्यांनी मात्र वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. 2010 ते 2020 मधल्या सीआरडीई थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) आणि टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे. त्या बारचे बोल्ट आवळून ती उचलली की टाय रॉडचे कोन बदलतात आणि टो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा झुकाव) खरोखर बिघडतात. तिला अलाइनमेंट लागतेच, त्याच दिवशी. तिचा सल्ला जिम्नीला आणि जिप्सीला देऊन अर्धा घोळ झाला आहे. सल्ला देण्याआधी गाडीखाली वाकून सलग हाउसिंग आहे की नाही एवढं बघा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

स्टिअरिंग डँपर विकणाऱ्यांवर माझा राग आहे. तो धक्के दाबतो, झुकाव परत आणत नाही. चाकं जोरात फडफडायला लागल्यावर तर डँपर म्हणजे दुखणं झाकणं. तिथे आधी ट्रॅक बारचे (हाउसिंगला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, टाय रॉडची टोकं, किंग पिनचे बेअरिंग तपासा. गाडी जमिनीवर उभी, एकाने स्टिअरिंग झटके देत हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून सांध्याला हात लावायचा. ढिला सांधा हाताला लगेच कळतो. सांधे ढिले असतील तर कॅस्टरवर खर्च करू नका.

सांधे घट्ट आणि तरी भटकते, तर हाउसिंग परत मागे फिरवायचं. आर्मच्या गाडीत त्यासाठी ऑफसेट बुश (ज्याचं भोक मधोमध नसतं), ब्रॅकेट किंवा बदलत्या लांबीचे आर्म मिळतात. दोन इंचांपर्यंत मी ऑफसेट बुशच घेईन, स्वस्त आणि साधे. पण भोक कोणत्या बाजूला ठेवून बुश दाबला हे स्वतः उभं राहून बघा. उलटा दाबलेला बुश उरलासुरला कॅस्टरही घालवतो, आणि असे दाबलेले मी पाहिले आहेत. त्याहून जास्त उचलायची असेल तर ब्रॅकेट किंवा आर्म. मात्र हाउसिंग मागे फिरवलं की पुढच्या गोळ्याचं (डिफरन्शियलचं) नाक खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये नवी गुणगुण किंवा थरथर आली तर कारण तेच. म्हणून कॅस्टर गेला तेवढाच परत घ्या, जास्तीचा हव्यास नको.

पाट्यांच्या गाडीत, जुनी जीप किंवा जिप्सी, उचलण्याची सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे लांब शॅकल, पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी. शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर ते टोक खाली जातं, हाउसिंग पुढे झुकतं आणि कॅस्टर गेलाच. उचलायची तर चांगल्या पाट्यांनी उचला. झालीच असेल चूक तर पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये पोलादी पाचर बसवून झुकाव परत येतो. अ‍ॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका, ती तडकते.

किती अंशांची पाचर, किती अंशांचा बुश, हे अंदाजाने ठरवू नका. गाडी उचलण्याआधी सपाट जागी, हाउसिंगवरच्या एका सपाट भागावर मोबाइलचं कोनमापक टेकवा आणि आकडा तिथेच खडूने लिहा. उचलल्यावर त्याच जागी पुन्हा टेकवा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गेलेला कॅस्टर. आधी मापलं नसेल तर आता अलाइनमेंटच्या मशीनवर जा, पण जाताना स्पष्ट सांगा: "दादा, फक्त कॅस्टर वाचून द्या, टोला हात लावू नका." बुश किंवा पाचर बसवून झाल्यावर टो एकदा कंपनीच्या मापावर आणून घ्या. पाचर लावली असेल तर यू-बोल्ट नवे घ्या आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, काळ्या मातीतून फिरलेली गाडी असेल तर त्याहूनही लवकर.