परदेशगमनाची तयारी: प्रायश्चित्तापासून भाषेच्या परीक्षेपर्यंत

परदेशी निघालेल्या माणसाच्या तयारीची यादी आज बहुतेक घरांत पाठ असते. व्हिसा, विमा, भाषेची परीक्षा, गरम कपडे, तिथे राहणाऱ्या ओळखीतल्या कुणाचा तरी नंबर. यातला मोठा भाग जायच्या देशाशी संबंधित आहे, आणि आपल्याला ते अगदी स्वाभाविक वाटतं. पण मराठी माणसाच्या परदेशगमनाचा सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही फार अलीकडची गोष्ट आहे. बराच काळ तयारी व्हायची ती मागे राहणाऱ्या समाजासाठी. तिकडे काय खाणार, कुणाच्या हातचं खाणार, परत आल्यावर पंक्तीला बसू देतील का? तो देश कसा आहे, तिथली माणसं कशी जगतात, हे प्रश्न कुणी फारसे विचारतच नव्हतं.

१७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांचा वकील, म्हणजे राजकीय दूत, हनुमंतराव लंडनला गेला. इंग्रजांची मदत मिळवण्याच्या राजकारणासाठी ही वकिलात होती. त्याच्यासोबत मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा होता. हनुमंतराव ब्राह्मण, स्वतःचं अन्न स्वतः, सोवळ्यात शिजवायचं तर लंडनमध्ये जागा कुठून मिळणार? तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचगृह त्यांना स्वयंपाकासाठी आणि पूजाअर्चेसाठी मोकळं करून दिलं. इंग्लंडमध्ये राहूनही त्या काचेच्या भिंतींच्या आत एक छोटा महाराष्ट्र चालू राहिला. परतल्यावर मात्र हनुमंतरावाला शुद्धी करून घ्यावी लागली. सोन्याच्या योनीतून बाहेर पडून नव्याने जन्म घेण्याचा विधी त्याने केल्याची नोंद मिळते.

यामागे धर्मशास्त्रातल्या कलिवर्ज्य प्रकरणाचा आधार होता. कलियुगात ज्या गोष्टी करू नयेत असं धर्मशास्त्राचं संकलन करणाऱ्या निबंधकारांनी सांगितलं, त्यांत द्विजाचं समुद्रयान होतं. हा निर्बंध सगळ्या मराठी समाजाचा होता असं मानणं मात्र चूक ठरेल. कोकणपट्टीवरचे कोळी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आले होते आणि मराठ्यांचं आरमार याच लोकांच्या बळावर उभं राहिलं होतं. समुद्राची भीती आणि विटाळ हा वरच्या जातींचा प्रश्न होता. लिहिणारे तेच होते, म्हणून इतिहासात तो सगळ्यांचा झाला.

ज्यांनी लिहिलं नाही, त्यांचा प्रवास वेगळाच होता. १८३४ मध्ये मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतली मराठी कुटुंबं होती. त्यांची तयारी म्हणजे दलालाचं बोलणं, डॉक्टरची तपासणी आणि नोंदवहीतली एक ओळ. पोर्ट लुईला उतरल्यावर आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढायच्या आणि मळ्यावर जायचं. कुठे चाललो आहोत याची कल्पना किती जणांना असेल? तरीही या माणसांनी तिथे गणपती बसवला, कोकणातला जाखडी नाच ‘झाकरी’ म्हणून जिवंत ठेवला, आणि त्यांची पुढची पिढी घरात तिथली क्रिओल भाषा बोलू लागली. नवा देश त्यांनी राबता राबता शिकून घेतला. तो घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन अंतर आटलं. शिक्षणासाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली, त्याबरोबर जातीतले वादही वाढले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून निघाले, त्याआधी याच शहरात त्यांच्या जातीच्या सभेने त्यांना बहिष्कृत ठरवलं होतं. पुढे गांधींनी लंडनला जाणाऱ्यांसाठी कपडे, खाणं, खोलीचं भाडं, महिन्याचा खर्च यांची तपशीलवार मार्गदर्शिका लिहिली. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी हिशेब मांडून ठेवण्याची वृत्ती मात्र तिच्यात स्पष्ट दिसते.

या सगळ्या काळात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १८८३ हे साल. त्या एका वसंतात दोन मराठी बायका समुद्र ओलांडून गेल्या.

आनंदीबाई जोशी यांच्या प्रवासाची खरी तयारी पत्रांत झाली. पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात ते १८८० मध्ये योगायोगाने आलं आणि त्यांनी आनंदीबाईंना लिहायला सुरुवात केली. जवळपास तीन वर्षं दोन अनोळखी बायका एकमेकींना आपापलं घर, रीतिरिवाज, सणवार, स्वयंपाक समजावून सांगत होत्या. परदेशी जाण्याआधी इतकी चांगली तयारी त्या काळात क्वचितच कुणी केली असेल. आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला बंदरावर येणारी बाई कशी विचार करते, हे त्यांना ठाऊक होतं.

समाजाला मात्र वेगळीच उत्तरं हवी होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केलं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. लोक आपल्याला सतत विचारतात ते सहा प्रश्न त्यांनी एकेक करून मांडले. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? काही अरिष्ट ओढवलं तर? आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तू का करतेस? या सहा प्रश्नांत अमेरिका कशी आहे, हे विचारणारा एकही प्रश्न नाही. आनंदीबाईंनी बजावून सांगितलं की अन्न, वस्त्र, आचार काहीही न बदलता मी तिथे राहीन, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला कलकत्त्याहून त्या मिशनरी बायकांच्या सोबतीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

दिलेला शब्द त्यांनी पाळायचा प्रयत्न केला. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. वेषात केलेला बदल एवढाच. शाकाहाराला सोयीचं अन्न पुरेसं मिळेना, खोलीतली शेगडी धूर ओकायची, तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. थंडीने आणि उपासमारीने त्यांना नेलं असं एका वाक्यात म्हणता येणार नाही, क्षय हा त्या काळी कुणालाही गाठणारा रोग होता. पण मागच्यांना दिलेल्या वचनांचं ओझं त्या कोवळ्या देहावर होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांची रक्षा श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात गहजब झाला. परतीच्या परवानगीचा प्रश्न त्यांनी एका अर्थाने मिटवूनच टाकला. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या, आणि मग तिथे त्यांनी केलं ते काम मराठीत याआधी झालं नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं त्या अमेरिकेत हिंडल्या, शाळा पाहिल्या, स्त्रियांच्या संघटनांत वावरल्या, बालशिक्षण शिकल्या. १८८९ मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. प्रवासवर्णनांत तोवर बोट, बंदर, राणीचा राजवाडा, धुकं असायचं. रमाबाईंच्या पुस्तकात राज्यव्यवस्था आहे, घरं कशी चालतात ते आहे, शिक्षण, धर्मपंथ, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार आहे. कौतुक भरपूर आहे. त्याबरोबरच मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, गुलामगिरीचा कलंक आणि काळ्या माणसांना मिळणारी वागणूकही आहे. नव्या देशाकडे भारावून न जाता आणि नाक न मुरडता कसं पाहावं, याचा मराठीत यापेक्षा चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही. परदेशी निघालेल्या मराठी मुलामुलींनी ते आजही वाचावं.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते. त्यांनी प्रार्थना समाजाच्या ‘सुबोधपत्रिके’साठी तिकडून लिहून पाठवलेल्या लेखांतही हीच नजर दिसते. सरकारची नजर निराळी होती. १९०९ मध्ये लंडनला हिंदुस्थानी विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडलं, प्रवेशापासून निवासापर्यंत सल्ला मिळू लागला. हा काळ इंडिया हाउस या लंडनमधल्या क्रांतिकारकांच्या वसतिगृहाचा आणि सावरकरांचा. त्यामुळे हे कार्यालय सल्ल्याआडून पाळत ठेवतं असा विद्यार्थ्यांना संशय होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, हा करार होता. इथे आतापर्यंतच्या गोष्टीचं टोक उलटं होतं. आंबेडकरांना वाळीत टाकायची धमकी कोण देणार? जन्मानेच समाजाने त्यांना बाहेर ठेवलं होतं. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असं त्यांनी नंतर लिहिलं. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला आले, तेव्हा स्टेशनवर पहिला प्रश्न पडला तो राहायचं कुठे हा. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना हुसकावलं. परका देश अंगवळणी पडला होता, घरी परतणं जड गेलं. परदेशगमनावरच्या आपल्या लिखाणात ही बाजू फार कमी येते.

स्वातंत्र्यानंतर जातीची जागा कागदांनी घेतली. पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरवला, तेव्हा कुठे त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. अमेरिकेने १९६५ मध्ये देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली, आणि मुंबई-पुण्याचे डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने निघाले. परकीय चलनाची इतकी टंचाई होती की खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेल्यांच्या आठवणी त्या पिढीच्या घराघरांत आहेत. वर्तमानपत्रात फोटोसह ‘उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस प्रयाण’ छापून यायचं, सांताक्रूझला हार घालायला चाळीतले सगळे लोटायचे, पेटीत गोडा मसाला आणि मेतकूट असायचं.

आठ डॉलरवाल्या माणसाला विमानतळावरून घरी नेणारा, बँकेत खातं उघडून देणारा, बर्फात कुठले बूट घालायचे ते सांगणारा कुणीतरी लागतोच. ते काम मंडळांनी केलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने सुरू झालेलं. उत्तर अमेरिकेत शहराशहरांत मंडळं निघाली आणि १९८१ मध्ये त्यांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ झालं. मंडळ म्हटलं की लोकांना गणपती आणि नाटक आठवतं. माझ्या मते नव्याने आलेल्यांना दिलेला पहिल्या महिन्याचा आधार हेच त्यांचं मोठं काम, आणि त्याची नोंद कुठल्याच स्मरणिकेत नीट झालेली नाही.

आखातात गेलेल्यांना हा आधारही उशिरा मिळाला. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि रत्नागिरी, रायगड, गोव्यातले सुतार, फिटर, ड्रायव्हर, खलाशी कुवेत, बहरीन, दुबईला गेले. एजंट, मेडिकल, पासपोर्टवरचा शिक्का एवढीच तयारी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने एजंटांना परवाना सक्तीचा केला. जाण्याआधी त्या देशाचे कायदे, चालीरीती आणि कामगाराचे हक्क सांगणारं एक दिवसाचं प्रशिक्षण परराष्ट्र मंत्रालयाने सुरू केलं ते २०१८ मध्ये.

दरम्यान जायच्या देशांनीच तयारी ठरवायला सुरुवात केली होती. जर्मनीने २००५ मध्ये स्थलांतरितांसाठी वर्ग सुरू केले: भाषेचे साधारण ६०० तास, मग देशाचा कायदा, इतिहास, समाज यांची ओळख आणि आता ३३ प्रश्नांची परीक्षा. नेदरलँड्सने १५ मार्च २००६ पासून आणखी एक पाऊल टाकलं. तिथे राहणाऱ्या जोडीदाराकडे कायमचं जायचं तर डच भाषेची आणि समाजाची परीक्षा आधी मायदेशातच द्यायची. पुण्यात लग्न झालेल्या मुलीला पतीकडे जाण्याआधी डच राज्यव्यवस्था वाचावी लागते. काहींना ही अडवणूक वाटते. शिकण्याला माझा विरोध नाही, पण कुटुंबाची ताटातूट हा शिकवण्याचा मार्ग असू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, चालक, हॉटेलातले कर्मचारी अशा कामांसाठी सुमारे १०,००० जणांना पाठवण्याचा इरादा जाहीर झाला आणि भाषेच्या प्रशिक्षणाची जबाबदारी राज्याने घेतली. परिचारिकेला आपली पदवी तिथे मान्य करून घ्यायची तर साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते, म्हणजे रुग्णाचं दुखणं ऐकून डॉक्टरला बिनचूक सांगता येईल इतकी. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच सामान भरायचं, रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या दुकानात परत दिल्या की अनामत मिळते, हे व्याकरणाच्या पुस्तकात येत नाही. यातलं बरंचसं आज तिथे आधी पोचलेल्या मराठी परिचारिका आणि विद्यार्थी मागच्यांना फोनवर सांगत आहेत. सरकारी अभ्यासक्रमात या माणसांना शिकवायला बसवलं, तर वर्गातून बाहेर पडणाऱ्यांना जर्मन भाषेबरोबर तिथला सोमवार ते रविवारही माहीत असेल.