मृत्युपत्रातलं दान: ताम्रपटापासून धर्मादाय कायद्यापर्यंत

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा वाशी-नेरुळला राहणारी, मुलं परदेशी स्थिरावलेली ज्येष्ठ मंडळी मृत्युपत्र करायला वकिलाकडे जातात, तेव्हा फ्लॅट, ठेवी, दागिने यांची वाटणी सांगून झाल्यावर पुष्कळदा शेवटी म्हणतात, 'आणि थोडे पैसे धर्मकार्याला लावा.' हेतू स्वच्छ असतो. पण अशाच मोघम ओळीमुळे मुंबई इलाख्यातलं दान थेट लंडनपर्यंत जाऊन बुडालेलं आहे. ते का बुडालं आणि त्यानंतर कायदा कसा बदलला, हे ठाऊक असेल तर ही ओळ वेगळ्या रीतीने लिहिली जाते.

दानाचा रिवाज ठाण्याला नवा नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांची ही राजधानी, तेव्हाचं श्रीस्थानक. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके 939 चा, म्हणजे 1017 सालचा ताम्रपट सापडला. तो गावं दान दिल्याचा दस्तऐवज आहे. शिलाहार काळातले दानाचे शिलालेख गधेगळांवर, म्हणजे शापाचं चित्र कोरलेल्या दगडांवरही आढळतात. त्यांत वर चंद्र-सूर्य कोरलेले आणि खाली दान मोडणाऱ्याला जबर शाप. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालावं, अशी ती इच्छा. आजच्या कायद्यातही तिला जागा आहे. घरच्या वारसांसाठी मालमत्ता पिढ्यानपिढ्या बांधून ठेवता येत नाही, सार्वजनिक धर्मादाय कामासाठी मात्र ती कायमची लावून देता येते.

पण ही सगळी दानं हयातीतली, हातावर उदक सोडून दिलेली. मृत्यूनंतर अंमलात येणारं लेखी दान धर्मशास्त्राला परिचयाचं नव्हतं. ज्याला मूल नाही त्याने दत्तक घ्यावा, ही रूढ वाट. शिवाय आपल्याकडे मिताक्षरा पद्धत. एकत्र कुटुंबातला पुरुष मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भागीदारांत विरून जायचा. कुटुंबाचा कर्ता हयातीत थोडी मिळकत धर्मकार्याला देऊ शकत होता, पण मृत्युपत्राने तीच मिळकत देता येत नव्हती. देता येई ती फक्त स्वकष्टार्जित.

इंग्रजी न्यायालयं आली तशी मृत्युपत्रंही आली, आणि आपल्या इलाख्यात आधी रुजली ती मुंबईत. 1870 चा हिंदू मृत्युपत्र कायदा आपल्या इलाख्यात मुंबई शहरापुरता होता. लेखी मजकूर, सही आणि दोन साक्षीदार ही सक्ती तिथल्या हिंदूंना लागू झाली. खाडीच्या या बाजूला मात्र ठाण्यातल्या माणसाची ठाण्यातलीच मिळकत असेल, तर तोंडी सांगितलेलं मृत्युपत्रही चालत होतं. 1 जानेवारी 1927 पासून हिंदूंना लेखी मृत्युपत्र सर्वत्र आवश्यक झालं. तोवर 'शेवटच्या घटकेला काय म्हणाले' यावरून किती भाऊबंदकी पेटली असेल, याची कल्पना करता येते. मुंबई आणि ठाण्यातला हा भेद पुढेही टिकला. मुंबईतल्या मृत्युपत्रावर हक्क सांगायचा तर न्यायालयाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, लागायचं. ठाण्यात मृत्युपत्र केलं आणि मिळकतही ठाण्यातच असली, तर ते लागत नसे. दादरला एखादी खोली असली की लागे. 2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातलं सक्तीचं ते कलम 213 वगळलं.

आता त्या बुडालेल्या दानाकडे येतो. रणछोडदास वंद्रावनदास विरुद्ध पार्वतीबाई हा खटला मुंबईतून निघून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे गेला. मृत्युपत्र करणाऱ्याने मिळकत 'धर्म' यासाठी ठेवली होती. 1899 साली निकाल लागला: हा उद्देश इतका मोघम आहे की विश्वस्तांनी तो पाळला की नाही हे कोणतंही न्यायालय तपासू शकणार नाही, म्हणून दान रद्द. विहिरी, अन्नछत्रं, पांजरपोळ, घाट, शाळा हे सगळं ज्या भावनेने इथे उभं राहिलं, ती भावना लंडनच्या न्यायाधीशांना मोजता आली नाही. माझ्या मते हा निकाल इथल्या समाजावर अन्यायच होता. मात्र न्यायालयाची अडचण खोटी नव्हती. पैसे कुणाच्या हातात पडतील आणि हिशेब कोण विचारेल, याचं उत्तर त्या मृत्युपत्रात नव्हतं.

ते उत्तर अर्ध्या शतकानंतर मिळालं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या कायद्याने विश्वस्त संस्थांची नोंदणी आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. (त्याच्या नावातल्या 'मुंबई'च्या जागी आता 'महाराष्ट्र' आहे.) त्याच कायद्याच्या कलम 10 मध्ये म्हटलं आहे की धर्म, धर्मादाय किंवा पुण्यदान यांसाठी निर्माण केलेला सार्वजनिक न्यास, उद्देश निश्चित नाही एवढ्याच कारणाने रद्द ठरणार नाही. 1899 चा तो निकाल महाराष्ट्रापुरता असा पुसला गेला. कलम 29 ही महत्त्वाचं आहे. मृत्युपत्राने नवा न्यास निर्माण होत असेल, तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने प्रोबेट मिळाल्यापासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, यांतली जी मुदत आधी संपेल तिच्या आत, नोंदणीचा अर्ज करायचा असतो. नात्यातल्या ज्या माणसाला आपण व्यवस्थापक नेमतो, त्याला हे आधी सांगून ठेवायला हवं.

ठाण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची कहाणी वेगळी आहे. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चमुळे हा समाज शहरात जुना आणि परिचयाचा. त्यांच्यासाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात कलम 118 होतं. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग असेल, तर धार्मिक किंवा धर्मादाय दानाचं मृत्युपत्र मृत्यूच्या किमान 12 महिने आधी केलेलं असावं आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारदरबारी ठेवलेलं असावं, अशी अट. मूळ 1736 च्या एका इंग्रजी कायद्यात होतं. मरणशय्येवरचा माणूस भीतीपोटी जमीन चर्चच्या नावे करेल आणि वारस उघडे पडतील, ही तिथली धास्ती. इंग्लंडने 1960 मध्ये तो विषय संपवला; इथे अनाथाश्रमाला चार पैसे ठेवणाऱ्या माणसावर मात्र अट तशीच राहिली. अखेर केरळच्या जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मुस्लिम कायद्यात मर्यादा निराळी: वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येतं.

हिंदू एकत्र कुटुंबातली अडचण 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने सुटली. कलम 30 नुसार वडिलोपार्जित मिळकतीतला स्वतःचा अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. 1953 ते 1985 या काळात मृतांच्या संपत्तीवर इस्टेट ड्युटी होती. ती गेल्यावर वारसा करच उरला नाही. त्यामुळे मृत्युपत्रातल्या दानाने इथे कर वाचत नाही. प्राप्तिकरातली सवलत हयातीत दिलेल्या देणगीची आहे.

मृत्युपत्रातून किती मोठं काम उभं राहू शकतं, याची साक्ष मुंबईत आहे. सर रतन टाटा 1918 मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार 1919 मध्ये त्यांच्या नावाचा न्यास सुरू झाला. पण अशा दानाला टाटांची श्रीमंती लागते असं मुळीच नाही. वि. ल. भावे यांनी 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केलं. अशा संस्थेला एखाद्या निवृत्त शिक्षिकेने ठेवलेली मुदत ठेवसुद्धा वर्षानुवर्षं पुस्तकं देत राहते.

सध्या सर्वांत मोठा घोटाळा नॉमिनीचा होतो. बँकेत किंवा शेअरच्या खात्यावर कुणाचं तरी नाव लावलं की पैसा त्याचा झाला, असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की शेअर आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. सहकारी सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. नवी मुंबईत तर सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे फ्लॅट संस्थेला द्यायचा असेल तर हस्तांतराचे नियम आधी विचारून घ्यावेत.

म्हणून मृत्युपत्रात संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, रक्कम आणि ती कशासाठी हे लिहावं. ती संस्था तोवर बंद पडली तर दुसरी कोणती, हेही लिहावं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे, तरी नोंदवलेलं बरं. नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत मृत्यूनंतर कुणालाही अर्ज करून मिळते, अगदी त्या संस्थेलाही. मात्र दान ठेवलं आहे हे संस्थेला कळवणारी कोणतीही सरकारी व्यवस्था नाही. व्यवस्थापक गप्प बसला तर संस्थेला पत्ताच लागत नाही, त्यामुळे एक पत्र हयातीतच तिच्या कार्यालयात देऊन ठेवावं.